शाफ्टवरचा उजेड

६ सप्टेंबर १९७१

आलो बुवा एकदाचा! राहुरी सोडून एसटी देवळाली प्रवऱ्याकडे वळली आणि दोन्ही अंगांना ऊसच ऊस. कंडक्टर भला माणूस, त्याने वर्कशॉपच्या दारातच उतरवलं. मालक गोरक्षनाथअण्णा स्वतः गेटवर आले, माझी वळकटी गड्याच्या डोक्यावर दिली आणि म्हणाले, आदी च्या पी, मंग काम.

वर्कशॉप म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. साखर कारखान्यांच्या चरकांचे गिअर इथे कापतात. एका टोकाला मोठी मोटर. तिच्यावर फिरणारा लोखंडी शाफ्ट छताखालून पार त्या टोकापर्यंत गेलेला, आणि त्यावरच्या पुल्यांवरून पट्टे खाली एकेका लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, उतरलेले. पद्धत जुनी, पण मला आवडते. एक मोटर फिरली की सगळी शेड कामाला लागते.

फक्त शेडमध्ये भरदुपारी अंधार. पुण्याची एक कंपनी मोठं काम द्यायला तयार आहे, पण त्यांचा तपासनीस हा अंधार बघून परत गेला. महिना संपायच्या आत तो पुन्हा येणार. तोवर सगळे दिवे बदलायचे, हे माझं काम. उजेड पास झाला की मी कायम, आणि मागच्या दोन खोल्या आम्हाला. बायकोला, मेरीला, आठवा महिना लागलाय. ती नगरला भावाकडे दिवस काढते आणि भावजय तिला उठता-बसता टोचून बोलते. बाळ त्या घरात जन्मायला नको, एवढंच मला हवंय. काम काय, सोपं आहे.

९ सप्टेंबर

सोपं म्हणालो, माझी जीभ झडो.

सध्या प्रत्येक लेथवर एक पिवळा बल्ब आहे, डोक्यावर पत्र्याची टोपी घातलेला आणि इतका खाली लोंबणारा की लेथ चालवणाऱ्या टर्नरच्या कपाळावर आपटतो. मोठे बल्ब लावावेत, तर ते तापतात आणि मशीनच्या थरथरीने आतली तार तुटते. पाऱ्याचा दिवा बघितला. उजेड भरपूर, पण एकदा वीज गेली की तो थंड होऊन पुन्हा पेटेपर्यंत निवांत चहा पिऊन यावा. आणि इथे वीज किती वेळा जाते ते विचारूच नये. उरल्या ट्यूबा. थंड, पांढऱ्या, छताला लावल्या की शेड लख्ख. झालं, ठरलं.

तर कामगार अडून बसले. अब्राहाममामा इथले सगळ्यांत जुने टर्नर, काल संध्याकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये माझ्या शेजारी बसून खड्या आवाजात गात होते. तेही त्यांच्यातलेच. म्हणतात, कसलाबी दिवा लाव बाबा, पन टोपी घालून खाली लाव. वर उजेड नको. का नको? तर नको. मी छताकडे तोंड करून एक बल्ब बांधला, जेवून येतो तो कुणीतरी काढून ठेवलेला. पुन्हा बांधला, पुन्हा काढला. शेड झाडणाऱ्या कडूबाईला विचारलं, तर तिने खराट्याने लोखंडाचा कीस माझ्या पायांवर उडवला आणि पुढे गेली. दगडावर डोकं आपटावं अशी माणसं!

१३ सप्टेंबर

लावल्या! काल सुट्टी साधून राहुरीहून दोन वायरमन आणले आणि लावल्याच.

सकाळी खटका दाबला आणि कोपऱ्यातली जळमटंसुद्धा दिसायला लागली. छताखालचा तो शाफ्ट मी आज पहिल्यांदा नीट पाहिला, तेलाने चमकणारा. अण्णांनी पाठ थोपटली. कामगार माना खाली घालून कामाला लागले, एकानेही वर पाहिलं नाही. पाहिलं ते कडूबाईने. खराटा टाकून ती मधल्या लेथपाशी उभी राहिली, मोटर सुरू झाली तशी वर बघितलं, आणि पटकन डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. उजेड डोळ्यांवर आला असणार. पण पदराआड ती किती तरी वेळ हसत होती. चला, एका तरी माणसाला माझ्या कामाची किंमत आहे.

१५ सप्टेंबर

आज अनर्थच व्हायचा. अब्राहाममामा फिरत्या लेथमध्ये हात घालत होते. त्यांना तो थांबलेला दिसला. मी ओरडलो म्हणून हात वाचला.

ट्यूब सतत जळतेय असं वाटतं, पण ती विजेबरोबर भराभर विझते आणि पेटते. त्या वेगाशी चाकाचा वेग जुळला की फिरणारं चाक थांबल्यासारखं दिसतं. डिप्लोमाला शिकलोय हे, आणि लावताना विसरलो! उपाय साधा आहे. ट्यूबांची एक ओळ विजेच्या एका फेजवर, म्हणजे एका तारेवर, शेजारची दुसऱ्या फेजवर. एक विझते तेव्हा दुसरी पेटलेली असते. दुपारभर तारा बदलल्या. आता फिरणारं चाक फिरतानाच दिसतं. कामगारांना समजावलं, ते म्हणाले, व्हय सायेब. ऐकलं कुणीच नाही. अण्णा म्हणाले, आता आनखी एक अपघात नको. आणखी एक म्हणजे? ते हिशोबाची वही उचलून निघून गेले.

१७ सप्टेंबर

शाफ्टवर माणूस आहे. लिहून टाकलं.

मधल्या लेथच्या वर. पोटाने शाफ्टला वेढा घातल्यासारखा, पाठ माझ्याकडे, अंगात मळका सदरा. पट्टे पळतात, पुल्या फिरतात, तो हलत नाही. आधी वाटलं, ट्यूबांचाच खेळ. पण तारा मी बदलल्यात. पुलीचे आरे नीट फिरताना दिसतात. मग हाच कसा थांबलेला?

जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला, शाफ्ट थांबला, आणि वर कुणी नव्हतं. शिडी लावून चाचपून आलो. तेल, दुसरं काही नाही. सुट्टी संपून मोटर सुरू झाली आणि तो परत तिथेच. कडूबाई खाली उभी होती. पदर पुढे ओढून, नवऱ्यासमोर बाई उभी राहते तशी.

२० सप्टेंबर

मामांनी शेवटी सांगितलं, तेही शेडबाहेर नेऊन. सहादेव, इथला वायरमन, कडूबाईचा नवरा. त्या जागी वर एक बल्ब असायचा. तो बल्ब एकदा जळून गेला. काम घाईचं, अण्णा मोटर बंद करू देईनात. सहादेव चालत्या शाफ्टशेजारी चढला, गेलेला बल्ब काढला आणि नव्यासाठी खाली हात केला. तेवढ्यात दुसरी बाही शाफ्टला लागली. मामा म्हणाले, मोटर बंद करस्तवर लई फिरला त्यो. बलब माज्याच हातात ऱ्हायला, बाबा.

तेव्हापासून वर दिवा लावायचा नाही. मामा रडले, मलाही आवरलं नाही. मग भयंकर राग आला. पहिल्या दिवशी तोंड उघडायला काय झालं होतं यांना?

आज त्याची पाठ दिसली नाही. कूस दिसली. तो वळतोय, फार सावकाश.

२२ सप्टेंबर

अण्णांना म्हणालो, ट्यूबा काढतो, टोप्या घालून खाली लावतो. भडकले. तपासनीस परवा येतोय, एक जरी काढलीस तर नगरलाच ऱ्हा जाऊन, म्हणाले. कडूबाईने माझे पाय धरले. काडू नका सायेब, लई वर्सांनी दिसल्यात ते.

नगरहून निरोप आलाय. भावजयीने मेरीचं अंथरूण पडवीत टाकलं. या दिवसांत.

कुणाचं ऐकू मी? वैतागलोय. घाबरलोय. दोन्ही.

२३ सप्टेंबर

तोंड अर्धं दिसतं. एक हात शाफ्टवरून खाली सुटलेला — तळवा उघडा. मागतोय.

मोटर थांबली की तो नसतो. सुरू झाली की —

मीही आता मान खाली घालून काम करतो. सगळ्यांसारखा.

२४ सप्टेंबर

तपासनीस दुपारी येणार आणि ट्यूबांची एक अख्खी ओळ विझली, उरली ती एकाच फेजवरची. आजच! फ्यूज ठीक आहे. वर कुठे तरी तार सुटली असणार. चढायला कुणी तयार नाही, आणि मीही कुणाला पाठवणार नाही. अण्णा म्हणतात सुट्टीत कर, त्याआधी मोटर बंद होणार नाही.

मेरी, उद्या तुला न्यायला येतो.

भोंगा ऐकू आला नाही. पण मधल्या पुलीचे आरे थांबलेले स्वच्छ दिसले. चढलो. शाफ्टशेजारच्या फळीवर बसून टिपतोय. होल्डर ठीक. चोक ठीक. तार सुटलेली नाही — कुणी तरी सोडवली आहे. टोकं नीट वळून ठेवलेली, वायरमन ठेवतो तशी.

खाली माणसं डब्यांकडे न जाता लेथपाशीच उभी. मामा हात हलवून ओरडताहेत. या घरघरीत काय ऐकू येणार. कडूबाई हसतेय —

पानावर तेलाचा शिंतोडा. पुसला.

आणखी एक.

तो इथेच आहे. शेजारी. तोंड माझ्याकडे — हात —

पण शाफ्ट थांबलेला असताना तो कधी दिसत ना