तटावर उलटं चालू नये

चि. मेहुणेबुवांना अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं खुशाल असाल असं धरून चालतो. इकडे मी धडधाकट आहे, तुझी ताई माझ्याशी बोलत नाही आणि तुझ्या बाबांचं खाली सविस्तर येतंच आहे. हे तटबंदीचं जुनं गाव बघायचं तुझ्या मनात आहे असं ताई म्हणाली, म्हणून ठेच खाल्लेल्या माणसाचा सल्ला देतो. गाडी वेशीबाहेरच ठेव. जाड तळाचे बूट घाल, गल्ल्यांतले दगड शेकडो वर्षं झिजून तुळतुळीत झालेत. खोली घेताना आधी दाराची उंची बघ (माझ्या कपाळावरचं टेंगूळ बघून घरमालकीण रोज हळहळते, तुळई मात्र हलवत नाही).

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याचं औषध त्याच्याच खिशात असू दे. बाबांची छातीतल्या कळेची गोळी माझ्याकडे होती, कारण ते गोळ्या हरवतात असं ताईचं मत. मी तिकिटाच्या रांगेत, आणि ज्येष्ठांना तिकीट माफ म्हणून हे तटावर चढून पार पुढे! तटावर एकाच दिशेने चालायचं असा इथला नियम, कारण वाट एका माणसापुरतीच. लांबच्या बुरुजाशी ते छाती धरून थांबलेले मला खालून दिसले. मागे फिरा म्हणून घसा फोडून ओरडलो. छे! उभा जन्म ट्रॅफिक हवालदारकीत गेलेला माणूस, त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. मग मी उतरायच्या जिन्याने वर घुसलो आणि समोरच्यांच्या शिव्या खात उलटा धावत सुटलो. तर एक हात छातीवर दाबलेल्या सासरेबुवांनी दुसरा हात वर करून मलाच थांबवलं. ओठ पांढरे, अंग घामाने निथळतंय, आणि म्हणतात, "बाजूला व्हा, आधी त्यांना जाऊ द्या." सगळी रांग गेल्यावरच मला पुढे सोडलं. घाईत पहिली गोळी खंदकात गेली, दुसरी कशीबशी त्यांच्या जिभेखाली सरकवली.

तुझ्या लग्नाच्या दिवशी त्यांनी तुझीच सजवलेली गाडी एकेरी रस्त्यात उलटी घुसली म्हणून भर चौकात अडवली, तेव्हापासून तुमचं बोलणं बंद आहे, हे मला ठाऊक आहे. मलाही त्या तटावर त्यांचा राग यायला हवा होता. पण रडूच आलं रे.

तुझे भावोजी

ता. क. तुला इथे यायचंय असं ताई कधीच म्हणाली नाही. डॉक्टरांनी बाबांना हलवायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि पुढचं विचारलं की विषय बदलतात. तू ये.

आणखी एक. मी तुला लिहितोय हे बाबांना सांगितलेलं नाही. तरी मघाशी डोळे मिटूनच म्हणाले, "जावईबापू, तो आला तर आधी मला उठवून बसवा."