ह्यांची दाढ

लासुर्णे, ४ फेब्रुवारी १९९६
पुन्हा दाढ! भाकरी कडक निघाली म्हणून ह्यांनी परात फेकून मारली. माझी भुवई फुटली. सासूबाई हळद दाबत म्हणाल्या, "दाढ ठणकती गं त्याची. मानूस वाईट न्हाय." मलाही तसंच वाटतं. दुखणं माणसाला पिसाळून सोडतं.

९ फेब्रुवारी
सासूबाईंनी दातातले किडे काढणारी बाई बोलावली. तिने ह्यांच्या कानाला नळी लावली, फुंकलं आणि तळहातावर चार पांढरे किडे दाखवले. हे खूश! दुपारी ठणका दुप्पट. काठी घेऊन तिला शोधत पार वेशीपर्यंत गेले. ती सापडली नाही. मी घरातच होते.

१० फेब्रुवारी
उजवा हात वर होत नाही.

१४ फेब्रुवारी
नेलं एकदाचं बारामतीला, दातांच्या डॉक्टरकडे. हे एवढे उसाचा ट्रॅक्टर हाकणारे गडी, पण सुई बघून माझा दंड धरून बसले. वळ उठले. डॉक्टर म्हणाले, "दाढ वाचेल. रूट कॅनाल करू. आतली सडलेली नस काढायची, मुळं साफ करायची, मग वर कॅप." मग माझ्या भुवईकडे बघून, "हे कशानं?" मी म्हणाले, म्हशीनं.
एसटीत सगळ्या वाटेने तेच मनात घोळत होतं. ती नस गेली की मी सुटले!

२८ फेब्रुवारी
तीन खेपा झाल्या. ठणका गेला. आता हे म्हणतात, "दुखत न्हाय तर टोपी कशाला दाताला? ऊस कारखान्यावर कोण न्हील?" पण डॉक्टरांनी बजावलंय, नस काढलेली दाढ ठिसूळ होते, कॅप नसेल तर फुटेल. आणि फुटली तर माझं काही खरं नाही. दाढ ह्यांची, धास्ती मला. रोज चपाती दुधात कुस्करून वाढते. सासूबाई म्हणाल्या, "तान्हं हाय का त्ये?"

११ मार्च
कॅप बसली! मीच हट्टाने नेलं. डॉक्टर म्हणाले, सुपारी फोडू नका, बाकी काहीही खा. स्टँडवर ह्यांनी मला उसाचा रस पाजला. किती दिवसांनी मी पोटभर हसले.

कळंब, १५ मार्च. माहेरी
काल चहा गार झाला म्हणून पट्ट्याने मारलं. सासूबाई धावत आल्या, "दाढ दुखती का रं?"
"न्हाय की," हे म्हणाले, आणि पुन्हा पट्टा उचलला.