नर्सबाईच्या दाराशी

ता. ५, सकाळ
घर पुरात गेलं, पण नशीब बघा, आम्हाला ज्या शाळेत आणलं तिथंच माझ्या नातीची ड्युटी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एवढीशी होती तेव्हा सुई बघून पलंगाखाली शिरायची. आता चार नंबरच्या वर्गात तिचा दवाखाना, आणि दाराशी मी. शिकलेय चौथी, पण खरा पेशंट चालीवरून ओळखते.

ता. ५, दुपार
नर्सिंग कॉलेजच्या मॅडमनी ड्युटीवरच्या पोरींची तोंडी परीक्षा घेतली. पुरात, दंग्यात बायकांचं काय काय होतं, पोट राहणं, बाळंतपण अडणं, जबरदस्ती. लिहितानाही लाज वाटते. नातीला वीसपैकी अठरा! म्हणाली, जबरदस्ती झालेली बाई आली तर मी झोपलेली असले तरी उठव, औषधाला वेळेचं बंधन असतं. हो गं बाई, म्हटलं.

ता. ६
शिलाईवाली आली. आमच्याच गल्लीतली, नवरा परगावी. नर्सशीच बोलायचंय म्हणे. म्हटलं, मी काय परकी? मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, काल अंधारात नळापाशी कुणीतरी धरलं. पुढचं बोलू दिलं नाही. कुमारिकेच्या कानावर कशाला? म्हटलं, गरम पाणी पी, पडून राहा, झाकली मूठ सव्वा लाखाची. नातीचा जरा डोळा लागला होता. उठवली नाही. किती गोष्टी मी परस्पर निस्तरते.

ता. ८
शिलाईवाली पुन्हा. नात मोकळीच होती, पण म्हटलं, तिला उसंत नाही. पाया पडते म्हणाली. म्हटलं, पाया कसली पडतेस, काळासारखं औषध नाही.

ता. ९
मॅडम म्हणाल्या, तसली एकही केस नाही, छान. नातीला पटेना. शंभर बायका आणि एकही नाही, असं होत नसतं म्हणाली. म्हटलं, मी बसलेय ना दाराशी.

ता. १२
शिलाईवालीनं नातीला जिन्यात गाठलं. नात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली नाही. पहिल्यांदा कधी आली होती, विचारलं. सहाला, म्हटलं. तिनं बोटांवर मोजलं. रोग लागू नये म्हणून असतं त्या औषधाला तीन दिवस असतात, पोट राहू नये म्हणून असतं त्याला पाच. दोन्ही गेले.
म्हटलं, तू दमली होतीस गं.
म्हणाली, मला उत्तर येत होतं, आजी.
मग शिलाईवालीला घेऊन मोठ्या हॉस्पिटलात निघाली. जेवायला थांबू का, मी विचारलं. नको म्हणाली.
जेवले नाही. भूकच नव्हती म्हणा.