दौऱ्यावरचा बंब

जळकोट, कार्तिक शु. १२, शके १८६२

ती. अण्णारावदादांच्या सेवेशी, उमेचे शि. सा. न. वि. वि.

येथील दवाखान्यात सुईण म्हणून रुजू होऊन चार महिने झाले. आता खेड्यांतून बोलावणी येतात. पण पोचल्यावर गरम पाण्यासाठी खोळंबा होतो. कुठे सरपण ओलं, कुठे चूल उघड्यावर आणि वारा सुटलेला. परवा एका वस्तीवर कोमट पाण्यावरच भागवावं लागलं. बाई बचावली, पण मला रात्री घास गेला नाही.

आपल्या न्हाणीत आहे तसा बंब, पण मांडीवर मावेल एवढा, नांदेडात मिळेल का? वहिनी म्हणतील, नणंद आता गावोगाव आंघोळी घालत फिरणार. म्हणू द्या.

लोभ आहेच, तो मागायला नको.

तुमची उमा

नांदेड, मार्गशीर्ष शु. ४

चि. उमा हिस अण्णारावचे अनेक आशीर्वाद, विशेष.

तांबटाकडे तीन बंब पाहिले. पत्र्याचा हलका होता, पण गाडीच्या हादऱ्यांनी सांधे सुटतील असं खुद्द तांबटच म्हणाला. पितळी मला फार आवडला. तुझ्या वहिनीने, दानम्माने, तो भरून उचलायला लावला आणि माझी आवड तिथेच संपली. शेवटी तीन शेर पाण्याचा तांब्याचा घेतला, आतून कल्हई केलेला. मधल्या नळीत काटक्या टाकायच्या, भोवती पाणी. जाळ आतच राहतो. नळीच्या तोंडावर छोटं भांडं राहील अशी सोय दानम्माने मुद्दाम करून घेतली. मग वाऱ्यात, परसात, मूठभर तुराट्यांवर तिनेच तो पेटवून पाहिला. तांबटाचं पान चघळून होण्याआधी पाणी उकळलं.

पाणी भरल्याशिवाय जाळ करू नकोस, सांध्यांचा डाख वितळेल. शेजारचे किशनराव उदगीरकडे निघालेत, त्यांच्याबरोबर पाठवतो.

जेवणाची आबाळ करू नकोस, एवढंच मागणं.

अण्णाराव

जळकोट, पौष व. २

ती. दादा व सौ. वहिनी यांना उमेचे शि. सा. न. वि. वि.

गेल्या सोमवारी भुजंगराव नावाचे एक शेतकरी बायकोला, साखराबाईला, गाडीतून दवाखान्यात आणत होते. माळावर गाडीचा आख मोडला. त्यांचा भाऊ मला बोलवायला धावत आला. मी पोचले तेव्हा दुपार कलली होती. साखराबाई गाडीखाली घोंगडीवर, आणि गाव दोन कोस मागे. भुजंगरावांनी तीन दगडांची चूल मांडली होती, पण वाऱ्यापुढे जाळ टिकत नव्हता.

गाडीतल्या घागरीचं पाणी भरून मी तुम्ही पाठवलेला बंब पेटवला. शेताच्या कडेच्या पऱ्हाट्या पुरल्या. कात्री नि दोरा वरच्या भांड्यात उकळले, हात धुतले. मूल पायाळू होतं. साखराबाईने माझं मनगट धरून विचारलं, की ताई, मी मरणार तर न्हाई ना. मी नाही म्हटलं. तेव्हा माझी मलाच खात्री नव्हती, हे फक्त तुम्हाला सांगते.

मुलगी झाली, पण रडेना. गरम पाण्यात कापड पिळून तिला चोळत राहिले. किती वेळ ते कळलं नाही. मग ती रडली, आणि भुजंगराव चाकाला धरून खाली बसले. दोघी सुखरूप आहेत. ते माझ्या पाया पडू लागले. मी त्यांना सांगितलं, की नांदेडला माझे भाऊ-भावजय आहेत, त्यांना दुवा द्या. त्यांनी हात जोडले, पण दिशा चुकली. तरी तुम्हाला पोचलं असेल.

तुमच्या मायेने इथे हात चालतात.

उमा

नांदेड, पौष व. ११

चि. उमाताईस दानम्माचे आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं हाय, समजून घ्या. तुमचं पत्र ह्यांना दोनदा वाचायला लावलं. मग स्वतः वाचलं.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. मला सहावा महिना लागलाय. मागं दोन खेपा रिकाम्या हातानं उठले, म्हणून या वेळी कुणालाच सांगितलं न्हाई. नाव घेतलं तर नजर लागंल वाटायचं. ह्यांना तर बोलायचीबी मी बंदी केली होती.

हे म्हणतात नांदेडचा मोठा दवाखाना बरा. असंल. पर मी सांगितलं, की मला उमाताईचा हात पाहिजे. ज्या बाईला भीती वाटती आन् तरी हात थांबत न्हाई, तिच्याकडं मी जाते. मग हे म्हणाले की फाल्गुनात स्वतः आणून सोडतो.

तुमच्या खोलीत दोन बाजा मावतात का, तेवढं कळवा.

तुमची वाट बघणारी,
दानम्मा