तिसऱ्या मजल्यावरचं गरम पाणी

बेनिन सिटी, ३ मार्च

चि. अदेसुवा हिला ओमोरेग्ये काकाचे मनापासून आशीर्वाद.

तुझा इंजिनिअर येऊन गेला. म्हणाला, हॉटेल रिकामं, गरम पाणी वापरायला माणूस नाही, वीज करणाऱ्या गॅसच्या इंजिनाची ऊब वाया जाते, इंजिन विकून टाका. तुझा बाप एहिगिए मला सांगायचा, दादा, एकाच गॅसवर दिवेही लागतात आणि पाणीही तापतं, म्हणून हे परवडतं. मी कमी शिकलेला, पण एवढं कळतं. इंजिन गेलं की हॉटेल गेलं. मग या वयात मी कुठं जाऊ?

पण पोरी, बंद तिसऱ्या मजल्यावर रोज पहाटे कोणीतरी गरम पाणी वापरतं. वर गेलो तर आरसे वाफेने धुरकटलेले, फरशी मात्र कोरडी. आणि न्हाणीघरातून आपल्या घराण्याचा सकाळचा नमस्कार ऐकू आला. तो दुसरं कोणी म्हणत नाही, आणि धाकट्यानेच थोरल्याला आधी करायचा असतो. मला धाकटा एकच होता, तुझा बाप. त्याला तर आपण पुरलं.

लवकर लिही. जीव थाऱ्यावर नाही.

तुझा काका

लागोस, ८ मार्च

ती. काकांना अदेसुवाचा वाकून नमस्कार.

काका, इंजिन वाचवायला तुम्हीच नळ सोडता ना? लबाड कुठले! आई मात्र हसली नाही. म्हणाली, जो दिसत नाही त्याला ओ देऊ नका. सोमवारी इंजिनाला गिऱ्हाईक येईल. तोवर ही ऊब विकत घेणारं कोणी मिळालं तर विकणार नाही. नाहीतर माझ्याकडे राहायला या, तिखटजाळ सूप करून घालीन.

माया पातळ होऊ देऊ नका.

अदेसुवा

बेनिन सिटी, १४ मार्च

चि. अदेसुवाला आशीर्वाद.

सोमवारी गिऱ्हाईक दारात असतानाच शहराची वीज गेली. लोकांच्या जनरेटरना डिझेल कुठेच मिळेना. समोरची बँक, शेजारचं बाळंतिणींचं इस्पितळ, सगळीकडे अंधार. उजेड फक्त आपल्याकडे. डॉक्टरीणबाईंनी खालचे दोन मजले वर्षभरासाठी घेतले, विजेसकट, गरम पाण्यासकट. गिऱ्हाईक हात हलवत गेलं. इंजिन राहिलं.

पण ओ देऊ नका सांगणारं तुझं पत्र आज पोचलं. मंगळवारी अर्धवट झोपेत नमस्कार कानी पडला आणि तोंडून उत्तर गेलं. जन्माची सवय, धाकट्याचा नमस्कार आपण कधी तसाच ठेवतो का? तेव्हापासून वरचे नळ गप्प आहेत. नमस्कार आता माझ्या दाराबाहेरून येतो, आणि फटीतून वाफ आत शिरते.

तुझ्याकडे मी येत नाही. तो माझ्या मागोमाग तुझ्या घरी यायला नको.

लोभ दुरूनच असू दे.

काका