थैलीतील मूठ

रविवार, दि. ४

दशमांश म्हणे बंधनकारक नाही! चर्चच्या नव्या पाळकाने आज व्यासपीठावरून हे सांगितले. "दहावा भाग हा जुना नियम होता. आता मनानं ठरवायचं. कमी द्या, जास्त द्या, पण कुढत देऊ नका." मी पहिल्या पगारापासून दशमांश देत आलो, आता निवृत्तिवेतनातून देतो. कुढलो कधीच नाही. आणि ज्याचा स्वतःचा पगार या दानातून निघतो, तोच म्हणतो, कमी दिले तरी चालेल! यात काहीतरी काळेबेरे आहे.

शिवाय दानाचे पितळी तबक गेले. त्याऐवजी कापडी थैली — खोल, तोंडाशी आवळलेली. तबकात कोणी काय टाकले ते शेजाऱ्याला दिसे. थैलीत मूठ मिटून घालायची. देणाऱ्यानेही, आणि रिकाम्या हाताने आलेल्यानेही. झाकाझाक कशासाठी? खजिनदार — धंद्याने बांधकाम ठेकेदार — उपासना संपताच पायरीवर कडाडला, "आणि छपराचं काय? ते काय श्रद्धेवर उभं राहणार? ओल आलीय वर!" माणूस उर्मट, वाक्यरचना मात्र निर्दोष.

थैलीविषयी अधिक माहिती बुधवारच्या प्रार्थनेत मिळणार आहे. मी जाणार नाही. निषेध म्हणून.

बुधवार, दि. ७

गेलो नाही. सूनबाई गेली. परतल्यावर विचारले, "काय म्हणाला तो?"

"थैलीचंच, बाबा." एवढे बोलून स्वयंपाकघरात. एरवी प्रवचन शेजारणीच्या खोकल्यासकट सांगणारी ही मुलगी!

शुक्रवार, दि. ९

चिरंजीवांचे लक्षण ठीक दिसत नाही. डबा घेऊन वेळेवर कारखान्याला निघतो. परंतु त्याच्या कपड्यांना यंत्राच्या तेलाचा वास येईनासा झाला आहे. सूनबाईला विचारले, तर म्हणते, "साबण बदललाय." जेवताना मी घरखर्चाचा विषय काढला, तर नेहमीप्रमाणे उसळला — "तुमची पेन्शन तुमच्याकडे राहू द्या, बाबा. घर मी चालवतो." दिवसभर कोणाच्या संगतीत असतो, कोण जाणे.

रविवार, दि. ११

पाहिले! स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. जन्मभर छापखान्यात मुद्रिते तपासली. चूक या डोळ्यांतून सुटत नाही. थैली माझ्याकडून सूनबाईकडे गेली. तिची मूठ आत जाताना सैल होती. बाहेर आली ती आवळलेली — पेरे पांढरी पडलेली. तीच मूठ थेट पर्समध्ये गेली.

देवाच्या घरात चोरी! आणि तीही माझ्या घरातील हाताने!

परतताना ती म्हणाली, "बाबा, हळू चाला, धाप लागेल." मी आणखी भरभर चाललो. पुढच्या रविवारी, उपासनेनंतर, मंडळीची सभा आहे. उभा राहून नाव घेईन. घर फुटले तर फुटो.

बुधवार, दि. १४

पाळकाकडे गेलो. तो खुर्चीवर चढून दिवा बदलत होता. म्हणालो, "थैलीतून कोणीतरी चोरते आहे." नाव सांगितले नाही.

वरूनच हसला. "चोरी नाही, काका. अडचण असेल त्यानं त्यातनं घ्यावं, असं ठरलंय. गेल्या बुधवारी आला असतात तर कळलं असतं."

"आणि घेतो कोण?"

"मला काय ठाऊक? कळू नये म्हणून तर थैली. जरा तो नवा दिवा देता का?"

दिला. काय करणार!

परंतु प्रश्न उरतोच. अडचणीत असलेल्याने घ्यावे — मान्य. माझ्या सुनेला कसली अडचण? नवरा कमावता, चूल पेटती! म्हणजे ही चोरीच; फक्त परवाना काढून केलेली. सभेत बोलणारच. वाक्ये रचून, दोनदा तपासून ठेवली आहेत.

शनिवार, दि. १७

दम्याचा पंप संपत आला. सूनबाई बाहेर होती, म्हणून स्वतःच औषधवाल्याकडे गेलो.

"आजोबा, नवा पंप ताईंनी सोमवारीच नेला की! तुमच्या खणात बघा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कारखाना बंद पडला तेव्हाच मी म्हटलं होतं त्यांना, उधार न्या. ऐकतील तर ना! पण तुमचं औषध चुकवलं नाही हो एकदाही."

कारखाना बंद.

घरी आलो. उशाशी खणात नवा पंप होता. मोरीत पाहिले. साबण तोच आहे.

रचलेली वाक्ये फाडून टाकली.

रविवार, दि. १८

थैली आली. आज माझ्या मुठीत दशमांश नव्हता. किती होते, ते येथे लिहीत नाही. चिरंजीवांनी माझ्या हातून घेतले नसते.

मग थैली पुढे न सरकवता मी स्वतःच सूनबाईसमोर धरली; तोंड सैल करून. ती माझ्याकडे पाहत राहिली.

"घाल हात," म्हणालो.

तिची मूठ कशी बाहेर आली, मला माहीत नाही. मी छपराकडे पाहत होतो. तेथे खरोखरच ओल आहे.