सिनेमातली बहिरी बाई

प्रिय लोवीनाताई,

माझी तब्येत ठणठणीत आहे, काळजी करू नकोस. तुझ्या क्लाइडचा खोकला थांबला का?

डोकं मात्र फिरलंय. कॉलेजातल्या फ्रॅटर्निटीवर, म्हणजे एकाच घरात राहणाऱ्या पोरांच्या मंडळावर, एक विनोदी सिनेमा आलाय. मी सांभाळते त्या आमच्या हाऊसची पोरं मला हौसेनं घेऊन गेली. त्यात पोरांना सांभाळणारी बाई ठार बहिरी! तिच्या नाकासमोरून पोरं बिअरचं पिंप नेतात आणि ही बया विणत बसते. सगळं थिएटर खदाखदा हसलं. आमचा डेल्बर्ट ओरडला, "मॉम, ही तर तूच!"

मनात म्हटलं, मेल्या, नापास झालास तेव्हा उशीत तोंड खुपसून रडत होतास. मी ऐकलं नाही असं दाखवलं, ते काय बहिरी म्हणून?

ताई, उद्यापासून मला सगळं ऐकू येणार आहे.

तुझी संतापलेली,
मर्टल